खाऱ्या मातीतला खुंट

मालिनीबाई सडेकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माती खात होत्या. गौरवग्रंथाचा लेख अशा वाक्याने सुरू होऊ नये, असं संपादक मंडळातल्या एका सद्गृहस्थांनी मला सुचवलं. त्यांना मी नम्रपणे सांगितलं की बाईंबद्दल खोटं लिहायचं असेल तर दुसरा माणूस शोधा. कोकण रेल्वे नुकती सुरू झालेली होती, पण मी मात्र गगनबावड्याच्या घाटातून एस.टी.ने, दोन वेळा ओकून, आचऱ्याजवळच्या या गावातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला रुजू झालो होतो. शाळेमागे उतारावर रोपवाटिका होती. तिथे नीटनेटकं पातळ नेसलेल्या एक बाई उकिडव्या बसून बोटावर माती घेऊन जिभेला लावत होत्या. मला पाहून त्या संकोचल्या नाहीत. तोंड पुसून म्हणाल्या, "या सर. खार अजून इथवर आलेली नाही. तुम्ही जेवलात का?"

बाई शाळेत शेती हा विषय शिकवत. कृषी महाविद्यालयात शिकलेल्या, मुंबईत नोकरी सहज मिळाली असती अशा, पण राहिल्या इथेच. माझा स्वभाव पहिल्यापासून वाद घालण्याचा. महाबळेश्वरला माझ्या मामांकडे नाशपातीचं झाड होतं, त्या फुशारकीत मी पहिल्याच आठवड्यात विचारलं की इथे नुसते आंबे-काजू काय लावता, नाशपाती लावा, अलुबुखार लावा. बाई हसल्या, पण थट्टा केली नाही. थंड मुलखात नाशपाती कुणाच्या मुळावर बांधतात, अलुबुखाराला ओल्या जमिनीत कुठला खुंट देतात आणि कोरड्या जमिनीत कुठला, हे त्यांनी मला दोन तासांमधल्या सुट्टीत समजावलं. खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळाचा भाग. फळ देते ती वरची काडी. "लोक काडी बघून कलम घेतात सर," त्या म्हणाल्या. "जगायचं की मरायचं ते खालचा ठरवतो."

त्याच वर्षी मी आईला गावाहून इथे आणलं. तिला हवा सोसेना, भात गिळवेना, आणि मालवणी कानाला लागेना. महिन्याभरात ती अंथरुणाला खिळली. मालिनीबाई एक दिवस बांद्याच्या आठवडा बाजारातून पिशवीभर ज्वारी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. एवढ्या लांब त्या एस.टी.च्या दोन गाड्या बदलून गेल्या होत्या. नंतर त्या रोज संध्याकाळी येऊन आईजवळ भाकरी थापायला शिकत. त्यांना भाकरी येत होती, हे मला फार उशिरा कळलं. आई त्यांना रागावायची, हात धरून शिकवायची, आणि शिकवता शिकवता उठून बसली. पुढे ती इथे अकरा पावसाळे सुखाने जगली. त्यांचं ऋण मी या लेखाने फेडतो आहे असा माझा मुळीच समज नाही.

आता ज्या कामासाठी जिल्हाभरातले बागायतदार बाईंना ओळखतात, त्याकडे वळतो. खाडीकाठच्या खारट जमिनीत तग धरणारं आंब्याचं कलम बाईंनी तयार केलं. या ग्रंथातल्या इतर लेखांत त्याची शास्त्रीय माहिती आहेच. ते कसं घडलं ते मात्र मीच लिहावं असं ठरलं, कारण त्या वेळी बाईंशेजारी उभा राहून शंका काढणारा माणूस मी होतो.

भागीरथी नावाच्या मासे विकणाऱ्या बाई आमच्या शेजारी राहत. त्यांचे यजमान होडीसकट समुद्रात गेले ते परतले नाहीत. दारात यजमानांनी लावलेला एक आंबा होता. हापूसच्याच जातकुळीतला, पण साल जरा जाड आणि चव अशी की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. खाडीचा बांध जुना झाला, विहिरीत खार शिरली, आणि तो आंबा शेंड्याकडून वाळू लागला. खाली खाडीलगत त्यांचा जमिनीचा एक पट्टा होता. दीर म्हणत होते, तिथे काही उगवत नाही तर कोळंबीची तळी खणू. यजमानांनी त्या पट्ट्यात दोनदा कलमं लावली होती आणि दोन्ही वेळा ती जळाली होती. एका सकाळी भागीरथीबाई मासळीची पाटी डोक्यावर तशीच ठेवून रोपवाटिकेत आल्या.

"बाईनू, घोवान लायलेलो आंबो वरसून सुकत इलो," त्या म्हणाल्या. "झाड गेला तरी चलात, पण तेचो वंस जावक नको. खारीत एक तरी उभो करून देवा माका."

बाईंनी त्या आंब्याच्या काड्या घेऊन नेहमीच्या रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेल्या गावठी, खुंटांवर कलमं बांधली आणि पावसाळा संपताच पट्ट्यात लावली. शिमग्यापर्यंत पानांच्या कडा करपल्या आणि मे महिन्यात उभी रोपं काटक्या झाली. मी म्हटलं, नाद सोडा. बाईंनी एक मेलेलं रोप उपटून मूळ चिरलं, जिभेला लावलं आणि थुंकल्या. "काडीत खोट नाही," त्या म्हणाल्या. "मूळ मीठ पितं आणि वर पाठवतं. मीठ खालीच अडवून धरणारं मूळ हवं. असं एक झाड गावात आहे, आणि ते तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होतं. खाडीच्या तोंडाशी जमिनीची एक चिंचोळी जीभ पाण्यात गेली होती आणि तिच्या टोकाला एक प्रचंड रायवळ आंबा होता. भरतीला त्याची मुळं समुद्राच्या पाण्यात बुडत, तरी पानं काळीभोर हिरवी. गाव त्याला राखणदाराचा आंबा म्हणे. राखणदार म्हणजे गावसीमेचं रक्षण करणारा, पण त्याचं नावसुद्धा कुणी नीट उच्चारत नसे, नुसतं 'तो' म्हणत. त्या झाडाची फळं पडत आणि पाण्यात कुजत. कुणी उचलत नसे. माणसांचं सोडा, मी तिथे कधी कावळासुद्धा बसलेला पाहिला नाही. वारा सुटलेला असला तरी झाडाखालचं पाणी हलत नसे. त्याचं कारण जमिनीच्या आकारात आहे, असं मी वर्गात मुलांना सांगत असे. स्वतः मात्र तिथे जायचं टाळत असे.

दुसरा कुणी असता तर गुपचूप चार कोयी उचलून आणल्या असत्या. मी तेच सुचवलं. बाईंनी गावाच्या रीतीप्रमाणे देवळात गाऱ्हाणं घालून कौल घ्यायचं ठरवलं. पदवीधर बाई पाषाणाला चिकटवलेल्या तांदळांना विचारून प्रयोग करणार, याचा मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याच बोलल्या. "तुम्ही कुणाच्या परड्यात न विचारता शिरता का सर? मालक दिसत नाही, म्हणून विचारायचं नाही, असं कुठे आहे?"

गाऱ्हाणं घातलं ते गावकीचे वडीलधारे तातू गावकर यांनी. "बा देवा म्हाराजा, तुझ्या गावातल्या ह्या बाईन तुझ्या झाडाची कोय मागल्यान हा. दिवची आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी. काय चुकला माकला तर सांभाळून घे म्हाराजा." जमलेल्या माणसांनी "होय म्हाराजा" म्हटलं. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या बाजूचा तांदूळ घसरून पडला. मागणी नाकारली गेली होती. बाई पाया पडल्या, रोपवाटिकेत परतल्या आणि वर्षभर त्या झाडाकडे फिरकल्या नाहीत. भागीरथीबाईंचा आंबा आणखी वाळला. त्या रोज संध्याकाळी त्याच्या बुंध्याला हात लावून रडत, आणि ते ऐकून मला बाईंच्या नेमस्तपणाचा फार राग येई.

पुढल्या वैशाखात पुन्हा गाऱ्हाणं झालं. या खेपेला तातूंचं बोलणं संपायच्या आतच उजवा तांदूळ पडला, कुणीतरी टिचकी मारावी तसा. तातू थोडे गडबडले. मग म्हणाले, "पडलेली कोय तेवडीच घेवा बाईनू. झाड हलवू नको. आणि ह्या कलमाचा पयला फळ तेच्या पायाकडे."

कोयी वेचायला मी बाईंबरोबर गेलो. गेलो म्हणजे, त्या गेल्या आणि मला मागे राहण्याची लाज वाटली. फळं लहान, धाग्याची, आणि त्यांना कसलाच वास नव्हता. पिकलेल्या आंब्याच्या ढिगात उभं राहावं आणि नाकाला काहीही जाणवू नये, हा अनुभव मी विसरू शकलेलो नाही.

कोयी रुजल्या तेव्हा एकेकीतून तीन तीन, चार चार कोंब वर आले. मी हबकलो. आमच्या हापूसची कोय एकच कोंब देते. बाईंनी मला शांतपणे सांगितलं की काही रायवळ आंब्यांचं असंच असतं, एका कोयीत अनेक गर्भ असतात आणि त्यांतले बहुतेक थेट आईचीच नक्कल असतात, बापाचा त्यात भाग नसतो. त्यामुळेच आईचा गुण त्यांच्यात उतरण्याची खात्री. मला ते पटलं. पण शाळेचे शिपाई शिवराम यांना काही पटलं नाही. "ती रोपां बगतत बाईनू," ते म्हणाले. "तेंका पाठ करून मी पाणी घालूचंय नाय." आणि ते खरोखरच उलटे चालत वाटिकेतून बाहेर येत. रोपांचे सगळे शेंडे खाडीकडे झुकलेले असत. पिशव्या फिरवून ठेवल्या तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच. उजेडामुळे होतं ते, असं मी शिवरामना सांगितलं. उजेड त्या बाजूने येत नव्हता.

भागीरथीबाईंच्या आंब्याची आता एकच फांदी जिवंत होती. तिच्यावरच्या सगळ्या काड्या बाईंनी उतरवल्या. निम्म्या नेहमीच्या रायवळ खुंटावर बांधल्या, निम्म्या राखणदाराच्या खुंटावर, म्हणजे तुलना करता येईल. दिवाळीच्या सुमारास दारातलं झाड पुरतं मेलं. त्याचं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते शाळेमागच्या त्या पिशव्यांत होतं.

आणि मार्गशीर्षात गावपळण आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस-रात्री घरदार सोडून वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं. गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांना बरोबर न्यायचं. त्या काळात गाव त्याचं, राखणदाराचं. मागे एक दिवासुद्धा ठेवायचा नाही. बाईंनी कलमांना भरपूर पाणी घातलं, वर ओली गोणपाटं पसरली आणि वळकटी बांधली. तेवढ्यात भागीरथीबाई आल्या.

"मी रवतंय बाईनू. माडाच्या झापाखाली लपान रवतंय, कोणाक कळाचा नाय."

बाईंनी त्यांचा हात धरला. "गो, तेचो नेम तूच मोडलंस, तर तेना तुझा झाड कित्याक सांभाळूचा?"

भागीरथीबाई आमच्याबरोबर निघाल्या, पण वेशीपर्यंत मागे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, उधाणाची भरती. दिवेलागणीला आम्ही चुलीभोवती बसलो होतो तेव्हा बोलता बोलता कुणीतरी विचारलं की बांधाचं दार कोणी घातलं. खाडीच्या बांधाला एक जाड लाकडी दार आहे. ओहोटीला ते उचलून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीआधी खाली टाकून अडणा सरकवायचा. त्या आठवड्याची पाळी बाबी नावाच्या गृहस्थांची होती. ते भाकरी मोडत शांतपणे म्हणाले, "तीन दिस गाव तेचो. मगे बांद पण तेचोच ना? मी कित्याक दार घालू?"

दार उघडं होतं आणि भरती चढत होती. आमची रोपवाटिका उताराच्या तळाशी, बांधामागच्या शेताच्याच पातळीला. परत जाणं शक्य नव्हतं, कुणी तसं म्हणालंही नाही. भागीरथीबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी बाबींना काहीतरी फार वाईट बोललो. एवढ्यात रिकाम्या गावाच्या बाजूने आवाज आला. जड लाकूड दगडावर आपटल्याचा, एकच. पाठोपाठ लाकडावर लाकूड सरकल्याचा. चुलीजवळ बसलेलं प्रत्येक माणूस तो आवाज ओळखत होतं. तातूंनी उठून झोपडी झोपडी पालथी घातली आणि माणसं मोजली. सगळी होती. मालिनीबाई भागीरथीबाईंचा हात हातात घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिल्या.

परतीचा कौल झाल्यावर आम्ही थेट बांधावर गेलो. दार बंद होतं. पाण्याच्या दाबाने ते आपोआप पडलं असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. बाई म्हणाल्या, "पडलं असेल. अडणा कसा लागला, तेवढं सांगा." अडणा शेताच्या बाजूने शेवटपर्यंत सरकवलेला होता. दार उघडं असताना आत आलेलं पाणी वाटिकेत चढून उतरलं होतं आणि पिशव्या अर्ध्यापर्यंत भिजल्या होत्या. बाईंनी पिशवीतली माती बोटावर घेऊन जिभेला लावली. खारट होती. दोन आठवड्यांत रायवळ खुंटावरची सगळी कलमं करपली. राखणदाराच्या खुंटावरच्या एकाही कलमाचं पान पिवळं झालं नाही. आम्ही ठरवून घेतली असती तर इतकी कडक आणि इतकी बेताची परीक्षा आम्हाला घेता आली नसती. आणखी घटकाभर दार उघडं राहिलं असतं तर काहीच उरलं नसतं.

ती कलमं भागीरथीबाईंच्या पट्ट्यात उभी राहिली. दिरांनी कोळंबीचं नाव काढणं सोडलं आणि कुंपण घालून दिलं. त्याच खुंटावर बाईंनी पुढे वालावलपासून आचऱ्यापर्यंत कितीतरी खाडीकाठच्या बागा उभ्या करून दिल्या. आपल्या नावाने त्या खुंटाला ओळखावं ही सूचना त्यांनी धुडकावली. "माझा काय संबंध," म्हणाल्या. "मी फक्त विचारलं." दरवर्षी त्या गाऱ्हाणं घालून कोयी मागत आणि पडलेल्या तेवढ्याच आणत. मी सोबत जायला शिकलो.

गेल्या पावसाळ्यात खाडीने ती जमिनीची जीभ गिळली. राखणदाराचा आंबा मुळांसकट गेला, ओंडकासुद्धा किनाऱ्याला लागला नाही. त्या वर्षीच्या कोयी त्याआधीच रुजवून कलमांत संपल्या होत्या. आंब्याची कोय फार तर महिनाभर जगते, साठवता येत नाही. खुंटावर काडी बांधली की खुंटाला स्वतःचं फळ कधी धरत नाही. म्हणजे तो खुंट संपला. बाई निवृत्त होऊनही रोज वाटिकेत येत, पण त्या पावसाळ्यात त्या नुसत्याच बसून असत. त्यांना इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

खारीत ती कलमं फार सावकाश वाढली होती; यंदाच्या वैशाखात भागीरथीबाईंच्या पट्ट्यातल्या एका झाडाने पहिल्यांदा फळ धरलं. एकच. बोलल्याप्रमाणे ते परत द्यायचं होतं, पण झाड कुठे होतं? तातू आता खूप थकलेत. दोघांनी धरून त्यांना काठावर आणलं. गाऱ्हाणं झालं, आणि भागीरथीबाईंनी ते फळ जिथे पूर्वी मुळं होती तिथल्या पाण्यात सोडलं. पाणी हलत नव्हतं. फळ तरंगलं नाही, सरळ खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटिकेच्या पायरीवर एक कोय होती. धुतल्यासारखी स्वच्छ, ओली. वटवाघळाने टाकली असेल, मी म्हणालो. भागीरथीबाईंनी ती कपाळाला लावली. "तेना परत धाडल्यान, बाईनू." बाई पिशवी भरू लागल्या. ती कोय भागीरथीबाईंच्या फळाची असेल, म्हणजे हापूसची, तर एकच कोंब येणार होता.

पंधरा-वीस दिवसांनी मी या लेखाचा पहिला कागद पुढे ओढला होता तेव्हा बाईंनी शिवरामना पाठवून मला बोलावून घेतलं. पिशवीत चार कोंब होते, तांबूस, एका उंचीचे, खाडीकडे झुकलेले. मी वाकून पाहिलं, आणि मला भीती वाटली हे इथे लिहून ठेवतो. बाईंना वाटली की नाही, कोण जाणे. त्यांनी बोटावर माती घेतली, जिभेला लावली, आणि कितीतरी महिन्यांनी हसल्या. "यांच्यावर काडी बांधायची नाही सर," त्या म्हणाल्या. "ही वाढवायची. यांना फळ धरून कोयी मिळायला आठ-दहा वर्षं लागतील. तोवर कुणीतरी बघायला हवं."

मालिनीबाईंनी साठ वर्षं पूर्ण केली. त्यांना भरपूर आणि निरोगी आयुष्य मिळावं, अशी इच्छा त्यांचे विद्यार्थी, सहकारी आणि हे सगळं गाव या ग्रंथाच्या निमित्ताने व्यक्त करत आहे. इतकी वर्षं मी अशा इच्छांना औपचारिकता समजत आलो. यंदा मी निश्चिंत आहे, कारण ही इच्छा एकट्या आमची नाही.